बाजारगावातलं खड्या मसाल्याचं दुकान: माल चोख, पाट्या अर्ध्या

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका बाजारगावात बसस्टँडच्या मागच्या ओळीत हे दुकान आहे. विकायला फक्त खडा मसाला. साबण नाही, बिस्किटं नाहीत, तेलाचे पाऊच नाहीत. सोळा डबे, एक मोठा काटा, एक सोनाराकडे असतो तसा बारीक काटा, आणि शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं काढलेला समुद्राचा नकाशा. प्रत्येक डब्यावर पुठ्ठ्याची पाटी, वर भाव आणि खाली चार ओळी इतिहास. लवंग कुठून आली, जायफळ कोणी आणलं, कलमीला दालचिनी का म्हणतात.

तालुक्याच्या गावात असा खटाटोप कोणी करत नाही. म्हणून इथे डब्यातला माल आणि डब्यावरची पाटी, दोन्ही तपासली आहेत. मसाल्याच्या धंद्यात या दोन गोष्टी वेगळ्या करताही येत नाहीत. जायफळावर चुना का असतो, एकाच लवंगेचे दोन भाव का, कलमी जाड का बारीक, याची उत्तरं सोळाव्या-सतराव्या शतकातल्या आग्नेय आशियात सापडतात.

जायफळापासून सुरुवात, कारण या दुकानाचा सगळ्यात चांगला माल तोच. दोन डबे आहेत, एकात कवचासकट आणि दुसऱ्यात सोललेलं. कवचातलं घ्या. कानाजवळ हलवलं की आत खडखड वाजायला पाहिजे, म्हणजे गर पुरता वाळून कवचापासून सुटलेला आहे. वाजत नसेल तर ओलं आहे, घरी नेल्यावर महिन्याभरात बुरशी धरेल. सोललेलं घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानानं हलकं लागलं की आत किड्यानं पोखरलंय. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ते जायफळ बाजूला ठेवायचं, दुकानदार बदलून देतो. नखानं ओरखडा काढला की तेलाची रेघ उमटली पाहिजे. कापल्यावर आत पांढऱ्या-तपकिरी नक्षीच्या रेषा दिसतात. त्या जितक्या ठसठशीत, तितकं जायफळ चांगलं. दुकानातली दहा जायफळं तपासली, नऊ चोख निघाली. सोललेल्या मालाचं हे प्रमाण फार चांगलं आहे.

सोललेल्या डब्यातली काही जायफळं पांढरट दिसतात. गिऱ्हाईक ती बुरशी समजून मागे सारतं आणि दुकानदारही समजावत बसत नाही. तो चुना आहे. ओल्या फडक्यानं पुसला की निघतो, सगळीकडे सारखा असतो आणि त्याला वास नसतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, हिरवट-करडी असते आणि तिला कुबट वास येतो. एवढा फरक कळला की पांढरं जायफळ बिनधास्त घ्या, उलट त्याला कीड कमी लागते. जायफळ चुन्याच्या पाण्यात बुडवायची ही रीत डच ईस्ट इंडिया कंपनीनं बांदा बेटांवर सर्रास केली. बी परक्या मुलखात रुजू नये म्हणून चुना लावत, असं नेहमी सांगितलं जातं. प्रत्यक्षात धुरावर सहा-आठ आठवडे वाळवलेलं बी तसंही रुजत नाही. चुना कामाला येतो तो किडीपासून, आणि जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या मालाला त्याचीच गरज होती.

आता पाटी. "जायफळ: केरळ. डच लोकांनी शोधले. जायफळासाठी डचांनी न्यूयॉर्क दिले." तिन्ही वाक्यं दुरुस्त करायला हवीत. आजचा माल केरळचा आहे, हे खरं. पण केरळात ते झाड बाहेरून आलं. जायफळ मूळचं बांदाचं, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला समुद्रात विखुरलेल्या मूठभर बेटांचं. लोंतोर, नैरा, आय, रुन ही त्यांची नावं, आणि शेजारी एक जिवंत ज्वालामुखी. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ आणि जायपत्री तिथूनच येई. १७९६ मध्ये इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतलं आणि रोपं पिनांगसारख्या आपल्या वसाहतींत नेली. तिथून पुढे हे झाड पसरलं.

"डचांनी शोधले" हे वाक्य तर पुसूनच टाकावं. बांदाचे लोक स्वतः व्यापारी होते. राजा नव्हता, ओरांग काया म्हणजे गावोगावचे प्रतिष्ठित मिळून कारभार बघत. बेटांवर भात पिकत नाही, म्हणून जायफळ देऊन तांदूळ, साबुदाणा आणि कापड घ्यायचं, हाच त्यांचा हिशेब. ते स्वतःची गलबतं घेऊन थेट मलाक्कापर्यंत जात. डच कंपनी स्थापन झाली १६०२ मध्ये. तिनं करार लिहून घेतले की जायफळ फक्त आम्हालाच विकायचं, आणि त्या बदल्यात जे देऊ केलं ते बांदाच्या लोकांच्या उपयोगाचं नव्हतं. पोट तांदळावर, आणि तांदूळ आणणारा जावाचा, मकासारचा व्यापारी. त्याला माल द्यायचा नाही म्हणजे उपाशी राहायचं. करार मोडले गेले. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरस्झोन कोएन फौज घेऊन उतरला. ४४ प्रमुखांची मुंडकी कंपनीच्या चाकरीतल्या जपानी भाडोत्री शिपायांनी उडवली. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी बेटांवर हजाराच्या आसपास माणसं उरली. बाकीची मेली, उपासमारीनं गेली, गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेली गेली किंवा होड्यांतून पळाली. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. पुरणावर जायफळ किसताना यातलं काही डोळ्यापुढे येत नाही. पण पाटीवर इतिहास लिहायचाच असेल तर ही गोष्ट गाळून चालत नाही.

न्यूयॉर्कचं वाक्य लोकांना फार आवडतं, म्हणून त्याचीही दुरुस्ती. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं एवढंच की ज्याच्या हातात जे आहे ते त्यानं ठेवावं. मॅनहॅटन इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतलेलं होतं आणि रुन बेट डचांकडे होतं. समोरासमोर बसून अदलाबदल झाली नाही, ताबा होता तो कागदावर आला.

जायपत्री, म्हणजे आपल्याकडे बरेच जण म्हणतात ती जावित्री, जायफळाच्या कवचावरची जाळी. ताजी असताना लालभडक असते, वाळल्यावर केशरी-पिवळी होते. इथली पाकळी रुंद, अखंड आणि थोडी चिवट आहे, बोटावर चोळली की तेलाचा ओशटपणा राहतो. दुकानाचं विशेष कौतुक याचं की शेजारच्या डब्यात रामपत्री वेगळी ठेवली आहे आणि तसं लिहिलंही आहे. बाजारात बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्र मिसळून जायपत्रीच्या भावानं विकतात. रामपत्री ही सह्याद्रीच्या जंगलातल्या जायफळाच्या रानटी भावंडाची. पाकळी लांबट, गडद तांबडी, दोरे बारीक आणि सुटे, वास जवळजवळ नाही. रंगावर भुलू नका, नाकावर विश्वास ठेवा.

लवंगेचे दोन डबे, "इंडोनेशिया" आणि "मादागास्कर", भावही वेगळे. माल वेगळा ठेवणं हाच प्रामाणिकपणा. इंडोनेशियाची लवंग जगात सगळ्यात जास्त पिकते, पण तिथली बहुतेक तिथल्याच लवंगी सिगारेटींत जळते. म्हणून आपल्या बाजारात मादागास्कर, कोमोरोस, टांझानियाची लवंगही भरपूर येते. रश्शासाठी मादागास्करची पुरे. दातदुखीसाठी, विड्यासाठी, काढ्यासाठी इंडोनेशियाची घ्या, डोकं भरलेलं असतं.

तपासायची रीत सोपी. डोक्याची गोळी शाबूत पाहिजे. नखानं दाबली की देठातून तेल फुटलं पाहिजे. पेल्यात पाणी घेऊन पाच-सहा लवंगा टाका. चांगली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी राहते. आडवी तरंगली तर तिचं तेल आधीच काढून घेतलेलं आहे, ती नुसती काडी. इथल्या मादागास्करच्या डब्यात देठाच्या काड्या जरा जास्त आहेत. मूठभर लवंग कागदावर पसरून काड्या निवडल्या तर मुठीमागे चमचाभर निघाल्या. भाव त्या मानानं कमी असला तरी चाळून द्यायला हवं. लवंग म्हणजे न उमललेली कळी. गुलाबी छटा आली की उमलायच्या आत खुडायची, चार-पाच दिवस उन्हात वाळवायची, आणि वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. खुडायला उशीर झाला की कळी उमलते आणि डोकं झडतं. बिनडोक्याची लवंग डब्यात जास्त दिसली की समजायचं, झाडावरच वेळ गेली.

लवंगेच्या पाटीवर लिहिलंय, "मूळ: मलाक्का". ही चूक फार ठिकाणी दिसते. लवंगेची मूळ जागा मलुकू, म्हणजे तेरनाते, तिदोरे, मोती, माकियान, बाचान ही बेटं. मलाक्का हे मलय द्वीपकल्पावरचं बंदर. दोन्हींत अडीच हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आहे. एका ठिकाणी लवंग पिकायची, दुसऱ्या ठिकाणी विकली जायची. नावं सारखी वाटतात म्हणून एक करून टाकायची नसतात. आपल्याकडे कापूस पिकतो एका शिवारात आणि भाव फुटतो दुसऱ्या गावात. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

शटरवरच्या नकाशात मलाक्का बरोबर जागी आहे, सामुद्रधुनीच्या गळ्यात. बंदर तिथेच का झालं, हे मात्र नकाशा सांगत नाही. उत्तर वाऱ्यात आहे. गुजरातची जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघून पावसाळ्याच्या तोंडावर पोचत आणि उलटा वारा सुटला की वर्षअखेरीला परत फिरत. चीनची जहाजं दुसऱ्या वाऱ्यानं येत. पूर्वेकडे मलुकू-बांदाला जायचं तर तिसरं वेळापत्रक. एका हंगामात या टोकापासून त्या टोकापर्यंत जमत नसे, म्हणून मध्ये थांबून माल बदलायची जागा लागे. मृगाला आपल्याकडे ज्याची वाट बघतात, तोच हा वारा. तो सुटला की पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद आणि इथे तिफणी बाहेर.

मलाक्का इ. स. १४०० च्या सुमारास वसलं आणि १५११ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथे राहिलेल्या टोमे पिरेस या पोर्तुगीजानं लिहून ठेवलंय की बंदरात ८४ भाषा ऐकू येत. व्यापाऱ्यांसाठी चार शहाबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले. एक एकट्या गुजरात्यांसाठी. दुसरा दक्षिण भारत, बंगाल, पेगू आणि पासेच्या लोकांसाठी. तिसरा जावा, मलुकू, बांदा, पालेंबांग, बोर्निओ, लुझोनसाठी. चौथा चीन, चंपा आणि र्‍युक्यूसाठी. जहाज लागलं की आपापल्या शहाबंदरानं वखार द्यायची, मालाची व्यवस्था लावायची, कारभाऱ्यापुढे उभं करायचं. पश्चिमेकडून येणाऱ्यांना सहा टक्के जकात, पूर्वेकडच्यांना जकातीऐवजी नजराणा. आपल्या बाजाराच्या दिवशी मराठी, हिंदी, उर्दू, गोरबोली, कोलामी, गोंडी एकाच ओळीत ऐकू येतात. त्याच्या कित्येक पट मोठा असा तो बाजार, आणि तंटे फार होऊ नयेत म्हणून शहाबंदराची व्यवस्था. पोर्तुगीजांनी शहर जिंकलं, पण व्यापार पूर्वीसारखा तिथे थांबला नाही. मुसलमान व्यापारी सुमात्रातलं अचे, पश्चिम जावातलं बांतेन आणि मलय द्वीपकल्पाच्या टोकाचं जोहोर इकडे वळले. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतलं तोवर त्याची जुनी शान ओसरली होती. नकाशात अचे आणि बांतेन नाहीतच. मिऱ्यांच्या डब्यावर "फक्त मलबार" लिहिण्याचं कारणही हेच असावं. सुमात्रा आणि पश्चिम जावातून सोळाव्या-सतराव्या शतकात ढिगानं मिरे जात होते. अचेची जहाजं थेट तांबड्या समुद्रापर्यंत पोचत.

मिरे इथले उत्तम. लिटरभराचं माप भरून तोललं तर अर्ध्या किलोच्या वर भरलं पाहिजे, आणि भरतं. पपईच्या बिया पाण्यावर तरंगतात, त्या एकही निघाल्या नाहीत.

कलमीत एकच तक्रार. एका डब्यात जाड साल आहे, तिच्यावर "सिलोन" लिहिलंय. ती सिलोनची नव्हे. सिलोनची साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली, विडीसारखी दिसते आणि बोटानं चुरते. जाड, एकाच घडीची, लाकडासारखी कडक ती कॅशिया, म्हणजे चीन, व्हिएतनाम किंवा इंडोनेशियाची. सावजी रश्शाला ती वाईट नाही. तासभर उकळूनही तिचा जोर टिकतो, सिलोनची त्यात हरवून जाते. पण बासुंदीला, खिरीला सिलोनचीच हवी. नाव मात्र खरं लिहा. सिलोनच्या दालचिनीसाठी डच १६३८ पासून १६५८ पर्यंत पोर्तुगीजांशी लढले, कोलंबो १६५६ मध्ये पडलं, आणि साल सोलायचं काम सलागामा जातीच्या माथी वेठ म्हणून मारलं गेलं. दालचिनी हा शब्द फारसी "दारचिनी"वरून आला, म्हणजे चिनी लाकूड. पाटीवरची ही एक ओळ बरोबर आहे.

चक्रीफूल व्हिएतनामचं, पूर्ण आठ पाकळ्यांचं. तुटलेलं स्वस्त मिळतं, वाटणाला तेच घ्या.

पाट्यांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. सोळाही पाट्यांवर मसाला कुठून आला ते आहे, तो कशानं विकत घेतला ते एकाही पाटीवर नाही. उत्तर आहे कापड. तेरनाते-बांदाच्या माणसाला युरोपातलं फारसं काही नको होतं, त्याला गुजरातचं आणि कोरोमंडलचं, म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्याचं, सुती कापड हवं होतं. पाटणचे रेशमी पटोळेही तिथे सणासुदीला, लग्नाला, राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपले जात. खुद्द कोएननं १६१९ मध्ये कंपनीच्या संचालकांना लिहिलं की गुजरातचं कापड देऊन सुमात्राच्या किनाऱ्यावर मिरे आणि सोनं घेता येईल, कोरोमंडलचं कापड देऊन बांतेनला मिरे. म्हणून डचांनी मछलीपट्टण, पुलिकत, सुरतेला वखारी घातल्या. वीणकर नाही तर मसाला नाही.

आणि विणकराला कापूस लागतो. अठराव्या शतकात वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून पूर्व किनाऱ्याच्या वीणकरांपर्यंत नेत आणि येताना मीठ आणत. हीच ती लदेणी. दिग्रस-दारव्हा पट्ट्यात तांड्यांची वस्ती गावोगाव आहे, दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं त्याच घरांतली. त्यांच्या पणज्यांच्या बैलांनी या व्यापाराचं एक टोक वाहिलं, आणि डब्यावरच्या पाटीवर त्यांच्यासाठी ओळ नाही. ही ओळ दुकानदारानं सगळ्यात आधी लिहावी, नकाशात यवतमाळपासून मछलीपट्टणपर्यंत एक रेघ ओढावी.

त्याच पाट्यांत भावाची एक तुलना टाकली तर गिऱ्हाईक थबकून वाचेल. आईन-ए-अकबरीत लवंग शेराला ६० दाम (तेव्हाचं तांब्याचं नाणं) आणि गहू मणाला १२ दाम दिलाय. म्हणजे एक शेर लवंगेला पाच मण गहू, दोनशे शेर. आज किलोभर लवंगेच्या पैशात दोनशे किलो गहू कोणी देणार नाही, पन्नाससुद्धा अवघड. लवंग तेव्हा गावात तोळ्यानं का यायची, ते यातून कळतं. ती स्वस्त व्हायला मक्तेदारी फुटावी लागली. डचांनी अंबोनखेरीज इतर बेटांवरची लवंगेची झाडं तोडायला लावली, १६५२ मध्ये तेरनातेच्या सुलतानाकडून तसा करार करून घेतला, होड्यांचे ताफे पाठवून झाडं शोधून तोडली. तरी फ्रेंचांच्या पिएर प्वाव्रनं १७७० मध्ये रोपं मॉरिशसला पोचवलीच. तिथून एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि मादागास्कर. दुकानातला स्वस्त लवंगेचा डबा या वाटेनं आला आहे.

तयार मसाला मात्र घेऊ नका. पाटीवर "पाचशे वर्षं जुनी पद्धत" लिहिलंय आणि आत निम्मं लाल तिखट. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली आणि आपल्या रानात रुळायला पुढे काळ गेला. तिचं नावच मिऱ्यावरून पडलंय. पद्धतीचं सोडा, दळलेला माल उघड्या डब्यात उन्हाच्या बाजूला ठेवलाय. लवंग-जायपत्रीचं तेल उडून जातं, पंधरा दिवसांनी उरतो तो रंग आणि धन्याचा भुसा.

त्याऐवजी खडा माल घेऊन घरी कुटा. पाव किलो धन्याला लवंग १० ग्रॅम, कलमी १० ग्रॅम, मिरे १५ ग्रॅम, चक्रीफूल ५ ग्रॅम, विलायची ५ ग्रॅम, जायपत्री ३ ग्रॅम, दगडफूल ५ ग्रॅम. जायपत्री यापेक्षा जास्त झाली की रस्सा कडवट होतो. मंद आचेवर एकेक वेगळं भाजा, कारण लवंग तापायच्या आत दगडफूल जळतं. गार झाल्याशिवाय कुटू नका. जायफळ भाजू नका, अर्धं किसून शेवटी घाला. किलोभर डाळीच्या पुरणाला एक चतुर्थांश जायफळ पुरतं.

दुकान सकाळी दहाला उघडतं, बाजाराच्या दिवशी आठला. बारीक काट्यावर १० ग्रॅमही मोजून देतात, कमी घेतलं म्हणून तोंड वाकडं करत नाहीत. पुड्या कागदाच्या असतात, घरी गेल्याबरोबर काचेच्या बरणीत काढा. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर जायपत्रीचा डबा तळाला जातो आणि खाली चुराच उरतो, म्हणून ती घ्यायची असेल तर सकाळीच जा.